शापांचा अध्याय आणि मामंजी

माझे सासरे दगडावर अक्षरं कोरायचे. कबरींचे दगड, घरांच्या पाट्या, शाळेच्या नाहीतर दवाखान्याच्या भिंतीत बसवायची कोनशिला, जे येईल ते. गल्लीत सगळे त्यांना अक्षरमिस्त्री म्हणत. मी मामंजी म्हणायचे. उंच, हाडापेरानं मजबूत माणूस. भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर कायम पांढरी भुकटी. घरामागेच पत्र्याची शेड होती. तिथे सकाळी सातला छिन्नीचा आवाज सुरू झाला की तो जेवणाच्या वेळेलाच थांबायचा.

त्या कामात चूक चालत नाही. मेलेल्या माणसाचं नाव चुकलं तर तो तक्रार करायला येत नाही, पण त्याचा मेहुणा येतो, असं मामंजी म्हणायचे. हा त्यांचा एकमेव विनोद. वर्षातून दोनदा तरी ऐकायला मिळायचा आणि दर वेळी शेडमधला कारागीर मनापासून हसायचा.

अक्षरासारखाच त्यांचा आवाजही होता. ठसठशीत, कुठेही न घसरणारा. म्हणून आमच्या प्रार्थनागृहात दर आठवड्याला शास्त्र वाचायचा मान त्यांच्याकडे होता. इब्री, म्हणजे हिब्रू लोकांचं ते जुनं शास्त्र, आपल्या भाषेत आणलेलं, जाड काळ्या बांधणीचं. वर्षातून एकदा त्यात शापांचा अध्याय यायचा. देवाचं ऐकलं नाही तर माणसावर काय काय येईल त्याची लांबलचक यादी. पिकं करपतील, अंगावर गळवं येतील, शत्रू दाराशी येईल. आधीचे वाचक म्हणे तो भाग खालच्या आवाजात भरभर उरकायचे. मामंजी उरकत नसत. त्यात एका ओळीत तीन गोष्टी पाठोपाठ येतात: वेड, आंधळेपण आणि मनाचा गोंधळ. तिथे ते प्रत्येक शब्दानंतर थांबायचे. बाकांवर बसलेली माणसं श्वास रोखून खाली बघत राहायची.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. माझा नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा. शेडमध्ये त्याला छोटे मिस्त्री म्हणत. सासूबाई माझं लग्न व्हायच्या आधीच गेल्या होत्या. त्या दिवशी शापांचा अध्याय होता. मामंजी त्या ओळीशी आले, "वेड" म्हणाले आणि थांबले. त्या शांततेत माझा नवरा हसला. खुदकन नाही, चांगला मोठ्यानं, पोट धरून. सगळं प्रार्थनागृह वळून बघायला लागलं. त्यानं लगेच तोंडावर हात दाबला, इकडेतिकडे पाहिलं आणि तो पांढराफटक पडला.

मामंजींनी वाचन पूर्ण केलं. घरी आल्यावर जेवायला बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, "देवाच्या शब्दाला का हसलास?"

"शब्दाला नाही हसलो, बाबा."

"मग कोणाला? देवाला?"

नवरा ताटाकडे बघत बसला. मामंजींनी हात धुतला आणि ते उठले. पुढचा आठवडाभर दोघं शेडमध्ये शेजारी शेजारी बसून काम करायचे आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. ज्याला हातोडी हवी असेल तो कारागिराला सांगायचा.

त्यानंतर सहा महिन्यांत सगळं फिसकटलं. आधी नवऱ्याची झोप गेली. मग तो काम करता करता मध्येच थांबून मान तिरकी करायचा, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तशी. मला म्हणायचा, "तू काही म्हणालीस का?" मी नाही म्हटलं की म्हणायचा, "मग ठीक आहे." पण ठीक काही नव्हतं. एका सकाळी कारागीर शेडमध्ये गेला आणि उलट पावली धावत घरात आला. आदल्या दिवसापर्यंत पूर्ण झालेले अकरा दगड भिंतीला टेकून ठेवले होते, न्यायला लोक येणार होते. नवऱ्यानं पहाटे उठून प्रत्येकावर नावाखाली बारीक अक्षरांत एकच ओळ कोरली होती: ऐकू येतंय, ऐकू येतंय. अक्षरं इतकी सुबक होती की कारागीर नंतर मला हळूच म्हणाला, वहिनी, असं काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

मामंजी ओरडले. नवरा हातोडी घेऊन रस्त्यावर धावला. कोणाला मारायला नाही, हातात होती म्हणून. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं त्याला मागून कवळ्यात धरलं आणि गोड बोलत बोलत खुर्चीत बसवलं. संध्याकाळपर्यंत त्याला शहराबाहेरच्या मनोरुग्णालयात दाखल केलं होतं.

पुढच्या प्रार्थनेला मामंजींनी त्या आठवड्याचा नेमलेला भाग वाचलाच नाही. त्यांनी शापांचा अध्याय उघडला, ती एक ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. म्हणाले, "हे माझ्या घरात घडलं आहे. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही सगळ्यांनी त्याला हसताना पाहिलंत. निवाडा झाला आहे. त्याच्यासाठी कोणी रडू नये." आणि जागेवर येऊन बसले.

मी तिसऱ्या बाकावर होते. माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात धरला आणि लगेच सोडला, जणू चटका बसला.

नवऱ्याच्या छिन्न्या जाड कापडाच्या गुंडाळीत असायच्या, चौदा, लहान ते मोठ्या क्रमानं. मामंजींनी ती गुंडाळी उचलून कारागिराला दिली. त्याची शेडमधली बैठक, त्याचा दिवा, घरातली त्याची खाट, सगळं आठवड्याभरात हललं. मला मात्र म्हणाले, "तू राहा. यात तुझा काही दोष नाही." माहेरी भावाच्या दोन खोल्यांत सहा माणसं होती. मी राहिले. शर्टांच्या कारखान्यात काज-बटणाचं काम धरलं. सकाळी सातला जायचं, तीनला सुटायचं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नवऱ्याला भेटायला जायचे. बसनं दोन तास. मोठं लोखंडी फाटक, आत सिमेंटचे बाक, औषधाचा आणि ओल्या फरशीचा वास. काही वेळा तो मला ओळखून खूप बोलायचा, काही वेळा माझ्या पिशवीकडेच बघत बसायचा. घरी आल्यावर मामंजी दार उघडायचे आणि एक शब्द न विचारता आत वळायचे. चौथ्या की पाचव्या वर्षी तिथल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या की गोळ्या लागू पडल्या आहेत, घरी न्यायला हरकत नाही, फक्त घरच्या कर्त्या माणसाची संमती हवी. मी मामंजींकडे विषय काढला. "जे देवानं बाहेर काढलं ते मी आत घेणार नाही," ते म्हणाले. रुग्णालयातून आलेल्या कागदावर तसं लिहून, सही करून त्यांनी तो परत पाठवला. मी पुन्हा विषय काढला नाही. लोक मामंजींनाच बोल लावतात, म्हणून सांगते: तो गप्प बसण्याचा भाग माझा होता.

मग त्यांचे डोळे जायला लागले.

एकदम नाही. आधी बाजूचं दिसेनासं झालं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, शेजारून कोणी गेलं तर दचकायचे. समोरचं अक्षर मात्र अजून दिसत होतं, म्हणून कोणाला कळू दिलं नाही. दगडावर आखणी करायची खडूची रेघ ते जाड काढायला लागले. मग एका शिक्षकाच्या दगडावर वेलांटी चुकली. पहिली हवी तिथे दुसरी कोरली गेली. आणि खरोखरच मेहुणा आला. मामंजींनी दगड बदलून दिला, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"मामंजी, डॉक्टरांना दाखवू या," मी म्हटलं.

"दाखवायचं काय त्यात? लिहिलेलं असतं ते होतं."

कुठे लिहिलेलं, ते मी विचारलं नाही. ते दोघांनाही ठाऊक होतं. पहिला शब्द घरात येऊन गेला होता, आता दुसरा आला होता. ते त्याची वाट बघत होते असंच मला वाटलं.

प्रार्थनागृहातलं वाचन चालूच होतं. एका संध्याकाळी तिथले कारभारी घरी आले. सौम्य माणूस, बोलायच्या आधी दोनदा घसा साफ करणारा. म्हणाले, "मिस्त्री, परवा तुम्ही वाचलंत ते फार सुंदर झालं. फक्त पुस्तक दुसऱ्याच पानावर उघडं होतं."

मामंजींनी विचारलं, "कधीपासून लक्षात आलं तुमच्या?"

"तीन आठवडे झाले."

"आणि गप्प बसलात?"

"वाचन चुकत नव्हतं ना," कारभारी म्हणाले.

वाचनाचा मान शाळेतल्या एका तरुण शिक्षकाकडे गेला. त्याचा आवाज बारा महिने सर्दी झाल्यासारखा. मामंजी मागच्या बाकावर बसून ऐकायचे आणि तो अडखळला की त्यांचे ओठ पुढचा शब्द जुळवायचे. वर्षभरात उजेड आणि अंधार एवढाच फरक त्यांना उरला, आणि नंतर तोही गेला. नळावर बायका बोलायच्याच. एक तर मला तोंडावर म्हणाली, "तुमच्या घरात दोन झाली गं. आता तिसरं राहिलं." मी घागर भरून घेतली आणि निघाले. उत्तर सुचलं ते घराच्या पायरीवर, तेव्हा उपयोग नव्हता.

कामाशिवाय बसायची त्या माणसाला सवय नव्हती. शेडमध्ये जाऊन कारागिराच्या दगडावरून बोटं फिरवायचे, "हा काना तिरका गेलाय" म्हणायचे, आणि कारागीर बिचारा तो सरळ असला तरी पुन्हा तासायचा. एका दुपारी मी कारखान्यातून आले तर ते शास्त्र मांडीवर घेऊन बसले होते.

"सूनबाई, तुला नीट वाचता येतं ना?"

"मामंजी, दहावी झालेय मी. बटणं लावते म्हणून काय अक्षरं विसरले?"

त्यांच्या ओठांची एक कड हलली. "मग सुरुवातीपासून वाच. रोज थोडं."

असं ते सुरू झालं. तीनला सुटून घरी, चहा, मग तासभर वाचन. मी शब्द खाल्ला की ते थांबवायचे. पहिले काही महिने मला सगळं एकसारखंच वाटायचं: अमक्याचा मुलगा तमका, इतके हात लांब, इतके हात रुंद. मग शापांचा अध्याय आला. मी त्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा ते माझ्याबरोबर ओठ हलवत होते. ओळ संपली तशी मी थांबले. पुढचं वाचवेना.

"वेड त्याला मिळालं," मामंजी म्हणाले. "आंधळेपण मला. तिसरं कोणाला?"

"मनाचा गोंधळ ना? तो या घरात कधीपासूनच नांदतोय," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं. नऊ वर्षांत त्यांना मी असं काही बोलले नव्हते. ते रागावतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी फक्त मान हलवली आणि "पुढे वाच" म्हणाले.

आम्ही पुढे गेलो. राजे आले, लढाया आल्या. एके दिवशी एका संदेष्ट्याची, देवाचा निरोप आणणाऱ्या माणसाची, हकीकत आली. त्याला पकडायला शत्रूचं सैन्य येतं. तो प्रार्थना करतो आणि देव सगळ्या सैन्याला आंधळं करतो. मग हाच संदेष्टा त्या आंधळ्यांना वाट दाखवत राजाच्या शहरात नेतो. तिथे त्यांचे डोळे उघडतात. राजा विचारतो, मारून टाकू का यांना? संदेष्टा म्हणतो, छे, यांच्यापुढे भाकर ठेव, पाणी ठेव. ते खातात, पितात आणि आपापल्या घरी जातात.

मी पुस्तकावर हात ठेवला. "मामंजी, हे तुम्ही प्रार्थनागृहात कधी वाचलं नाहीत."

"नेमलेल्या भागांत ते येत नाही."

"येत नाही, का घेत नाहीत?"

"पुढे वाच."

"देवानंच आंधळं केलं त्यांना. आणि तरी कोणी म्हटलं नाही, निवाडा झाला, आता यांना बाहेरच राहू द्या. जेवायला घातलं."

"ऐकलं मी, सूनबाई. पुढे वाच."

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी तो राजा आला, ज्याला वेड लागलं. मी ती हकीकत लहानपणापासून ऐकलेली, पण मामंजींच्या आवाजात ऐकलेली. आपल्या राजधानीकडे बघून हे सगळं मी उभारलं असं तो म्हणतो, आणि त्याची बुद्धी जाते. बैलासारखं गवत खातो, दवात भिजतो, केस पिसांसारखे वाढतात, नखं पक्ष्यासारखी होतात. पण त्याच्या आधी त्याला एक स्वप्न पडतं. एक मोठं झाड आणि ते तोडायचा हुकूम. फांद्या छाटा, पानं झाडा, फळं विखरा. पण बुंधा मुळांसकट जमिनीत राहू द्या, लोखंडाची आणि तांब्याची पट्टी घालून.

"थांब," मामंजी म्हणाले. "ते परत."

मी परत वाचलं.

"बुंधा का ठेवायचा?"

मी खाली बोट फिरवत शोधलं. "इथे सांगितलंय. म्हणजे त्याचं राज्य त्याच्यासाठी राखून ठेवलं जाईल. सात काळ उलटून तो बरा होईपर्यंत."

बाहेर शेडमध्ये कारागीर काम करत होता, तो ठोका तेवढा ऐकू येत होता. मामंजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"ही हकीकत मी तीस वर्षं वाचली," ते म्हणाले. "गवताशी आलो की आवाज चढवायचो. लोक शहारायचे. हे बुंध्याचं वाक्य आलं की मी श्वास घेऊन घ्यायचो. पुढच्यासाठी." जरा वेळानं म्हणाले, "इतका माजलेला राजा. त्याला शिक्षा देणाऱ्यानंच त्याची जागा धरून ठेवली. सात काळ. आणि मी? आठ दिवसांत खाटसुद्धा हलवली."

खरं सांगायचं तर मला त्यांची कीव आली नाही तेव्हा. राग आला. हे कळायला इतकी वर्षं लागली, असं मनात आलं. कीव नंतर आली, स्वयंपाकघरात.

"पहिला रविवार परवाच ना?" त्यांनी आतल्या खोलीतून विचारलं.

म्हणजे मी कधी जाते ते त्यांना सगळा वेळ माहीत होतं.

बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, दिसत असल्यासारखे. फाटकापासून त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. वॉर्डातल्या मावशी नवऱ्याला घेऊन आल्या. केस बारीक कापलेले, गोळ्यांमुळे बोटांना कंप. त्यानं बापाकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "बाबा म्हातारे झाले."

"कुठे आहेस?" मामंजींनी हवेत हात पुढे केला.

नवऱ्यानं हात धरला नाही. तो वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "डोळ्यांना काय झालं?"

"गेले."

"कोणी घेतले?"

"तेच तर मला कळत नाही," मामंजी म्हणाले.

हे उत्तर नवऱ्याला पटलं असावं. तो बाकावर बसला आणि बाही धरून त्यानं त्यांनाही शेजारी बसवलं. मग मामंजींनी विचारलं, "एक विचारू? त्या दिवशी का हसलास?"

"अजून राग आहे?"

"राग नाही रे. विचारतोय."

नवरा आठवून आठवून, सावकाश बोलला. "तुमच्या मागे कोणीतरी होतं. तुमच्याबरोबर तेच वाचत होतं, एक शब्द मागे. आणि बोबडं. तुम्ही 'वेड' म्हणून थांबलात आणि ते म्हणालं 'वेल'. लहान पोरासारखं. मला वाटलं सगळ्यांनाच ऐकू आलं. म्हणून हसलो. मग बघितलं तर कोणीच हसत नव्हतं." तो थांबला. "तेव्हा घाबरलो मी. ते पहिल्यांदा ऐकलं ना."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत, देवाला का हसलास. त्याचं काय सांगणार?"

मामंजींची बोटं बाकाची कड चाचपत राहिली. त्यांच्या मनात काय उलगडत होतं ते मला समोर दिसत होतं, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. सहा महिन्यांनी आजार आला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो त्या बाकावरच आला होता. ज्या हसण्याची शिक्षा म्हणून वेड लागलं, असं सगळ्यांसमोर सांगितलं गेलं, ते हसू म्हणजेच आजाराची सुरुवात होती. गुन्हा असा काही झालाच नव्हता.

"तू आजारी होतास," मामंजी म्हणाले. "तेव्हाच."

"हो ना."

"चुकलं माझं."

नवऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो म्हणाला, "चार वाजता गोळ्या असतात. तोपर्यंत थांबा."

आम्ही थांबलो. डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी जुनी फाइल काढून मामंजींनी पाठवलेला तो कागद वाचून दाखवला. "सही माझीच," मामंजी म्हणाले, बाईंनी विचारायच्या आधीच. जाता जाता बाईंनी त्यांचे डोळेही पाहिले आणि नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. दोन दिवसांनी तिथे गेलो तेव्हा कळलं, काचबिंदू. आता काही करता येण्यासारखं नाही. सुरुवातीला आला असतात तर थेंबांवर निभावलं असतं, असं ते डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तिथून घरी येईपर्यंत मामंजी एकच शब्द बोलले. "थेंब."

तीन महिन्यांनी नवरा घरी आला. तोपर्यंत खाट आणली होती, शेडमध्ये भिंतीलगतची जागा रिकामी केली होती. कारागिरानं छिन्न्यांची गुंडाळी आपण होऊन आणून ठेवली. दोन छिन्न्या झिजल्या म्हणून त्यांच्या जागी नव्या घातल्या होत्या.

त्याच वर्षी शापांच्या अध्यायाचा आठवडा आला तेव्हा मामंजींनी कारभाऱ्यांकडे एकदाच वाचायची परवानगी मागितली. पुस्तक न घेता ते उभे राहिले. एक शब्द गाळला नाही, मवाळ केला नाही. त्या ओळीशी आले, तिन्ही शब्द उच्चारले, अध्याय शेवटपर्यंत नेला, आणि मग बोलले.

"ही ओळ मी माझ्या मुलावर वाचली होती. ती शास्त्रात आहे. पण माझ्या मुलाचं नाव तिच्यात नव्हतं. ते मी कोरलं. दुसऱ्याच्या हुकमाशिवाय कधी अक्षर न कोरणारा माणूस मी, आणि देवाच्या नावानं, त्याला न विचारता, हे कोरलं. वेड आणि आंधळेपण कोणावर का येतं ते त्याला ठाऊक. मला एवढंच ठाऊक आहे की मुलगा आजारी होता आणि मी त्याची जागा राखली नाही."

मग पुढच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ उठले. म्हणाले, "मिस्त्री, अशानं लोकांचं भय जाईल."

"माझं नाही गेलं," मामंजी म्हणाले. "उलट वाढलं. आता स्वतःचं वाटतं."

ते गृहस्थ नंतर आमच्या घराची पायरी कधी चढले नाहीत. आणखी दोन घरं आमच्याशी बोलायची बंद झाली. नळावरची ती बाई मात्र एकदा तिच्या बहिणीबद्दल विचारायला आली. बहिणीला रात्ररात्र झोप नव्हती. मी तिला डॉक्टरीणबाईंचं नाव लिहून दिलं.

मामंजी त्यानंतर चार वर्षं जगले. सगळं गोड झालं असं नाही. नवऱ्याला बरे दिवस होते आणि वाईट दिवस होते. बऱ्या दिवशी तो दगड घासायचा, सरळ रेघांच्या पाट्या कोरायचा. वाईट दिवशी मान तिरकी करून बसायचा, आणि मामंजी शेजारी बसून विचारायचे, "काय म्हणतंय?" तो सांगायचा. कधी कधी ते ऐकून दोघं हसायचे. एकदा गोळ्या चुकल्या तेव्हा तीन आठवडे त्याला पुन्हा दाखल करावं लागलं. त्या तीन आठवड्यांत मामंजी दर रविवारी माझ्याबरोबर बसमध्ये होते. घरात दोघांची भांडणं व्हायची ती रेडिओच्या आवाजावरून आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून, जशी कुठल्याही घरात होतात.

एकदा मी त्यांना विचारलं, "मामंजी, तुमच्या डोळ्यांचं अजून तसंच वाटतं का? शिक्षा म्हणून?"

ते भाजी निवडत होते. देठ बोटांनी चाचपून मोडत होते. "कधी वाटतं, कधी थेंब आठवतात," ते म्हणाले. "देवाशी त्यावर माझं बोलणं चालू आहे. तू नको मध्ये पडूस."

शेवटच्या हिवाळ्यात त्यांना खोकला झाला तो गेला नाही. एका शुक्रवारी दुपारी मी लवकर सुटून आले तर नवरा त्यांच्या उशाशी बसून शास्त्र वाचत होता. त्याला फार वेळ वाचवत नसे, अक्षरं हलतात म्हणायचा. मी दारातच थांबले. मामंजींनी विचारलं, "सूनबाई आली का?" मी हो म्हटलं. "मग जेवायला वाढ याला. सकाळपासून नीट खाल्लं नाही त्यानं."

मी वाढलं. नवरा जेवला, हात धुऊन पुन्हा उशाशी जाऊन बसला. तेवढ्यात केव्हातरी ते गेले होते. त्याला ते आधी कळलं. तो ओरडला नाही, धावला नाही. त्यानं मला हाक मारली, आणि मी येईपर्यंत त्यांच्या भुवयांवरचे केस बोटानं सरळ करत राहिला.

शेड आम्ही तीन दिवस बंद ठेवली. चौथ्या दिवशी एका शाळेची कोनशिला द्यायची होती.